ठकीचा कंटाळा

“दिवसभर घरात हिच्याजवळ कोण असतं?” डॉक्टर सोनलनं विचारलं आणि हे म्हणाले, “कोणी नसतं.”

मी शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. मांडीवर झाकणाची टोपली, टोपलीत ठकी, झाकणावर माझा हात. हे खोटं बोलले असते तर मला राग आला असता, आणि राग आला की मला बरं वाटतं, निदान भांडी तरी आदळता येतात. पण हे खोटं बोलत नव्हते. ह्यांनी नीट विचार केला. घर डोळ्यांपुढं आणलं, हॉल पाहिला, आतली खोली पाहिली, स्वयंपाकघरातही डोकावले असतील, आणि तिथं जे दिसलं ते सांगितलं. मग जरा थांबून म्हणाले, “म्हणजे आता मी असतो. मे महिन्यात रिटायर झालो.” डॉक्टरनं ते कागदावर लिहून घेतलं. पोरगी आमच्या लेकीच्या, हर्षालीच्याच वयाची, नारायणगावात नवीनच दवाखाना टाकलेला. तिनं ठकीला टेबलावर उताणी केली आणि पोटावरची उघडी पडलेली गुलाबी कातडी बोटानं चाचपली. ठकीनं तिथले केस चाटून चाटून काढून टाकले होते. खरूज नव्हती, गोचीड नव्हती, जंत नव्हते. “हिला कंटाळा आलाय,” डॉक्टर म्हणाली. “घरातच राहणाऱ्या मांजरांना होतं असं. मन रमवायला काही नसलं की स्वतःलाच चाटत बसतात.” कंटाळ्यावर दवाखान्यात उपाय असतो हे मला त्या दिवशी कळलं. पन्नाशी उलटली तरी माहीत नव्हतं.

उपाय तिनं सविस्तर सांगितला. मांजर हा शिकारी प्राणी, त्याला आयतं ताटात वाढू नका, खाणं थोडं थोडं लपवून ठेवा म्हणजे ते शोधून खाईल. सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ तिच्याशी खेळा, दोरीला पीस बांधून उंदरासारखं पळवा, आणि शेवटी तिला ते पकडू द्या, नाहीतर ती चिडते. उंचावर बसायला जागा करा. खिडकीतून पक्षी दिसले पाहिजेत. नखं घासायला लाकडाला सुतळी गुंडाळून द्या. खेळणी सारखी तीच ठेवू नका, काही दिवस आत टाका, मग पुन्हा काढा, तिला नवी वाटतील. आणि मुख्य म्हणजे तिच्याशी बोला. हे ते सगळं मोबाइलवर टिपून घेत होते. शाळेत हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेला, सगळा तालुका ह्यांना भाऊसाहेब म्हणतो, सरकारी परिपत्रक वाचावं तसं ह्यांनी ते परत डॉक्टरला वाचून दाखवलं. “नाव काय हिचं?” तिनं विचारलं. मी ठकी म्हणणार तोवर हे म्हणाले, “मिली.” ओतूरला परत येताना एसटीत मी विचारलं, मिली कधी ठेवलंत. “ठकी काय नाव आहे चारचौघांत सांगायला?” असं म्हणून ह्यांनी खिडकीची काच लावून घेतली. मिलीला वारं लागू नये म्हणून.

ठकी मला भागूनं आणून दिली होती. आमची वस्ती नदीच्या बाजूला, चहूकडून उसात बुडालेली. तिथं सून म्हणून आले आणि पोरगी उजवेपर्यंत तिथंच राहिले. एकदा भर संध्याकाळी बिबट्यानं ओसरीवरून कुत्रं नेलं. मी आत भाकरी थापत होते, साखळीचा खळकन आवाज आला, एवढंच. साखळी जाग्यावर होती, पट्टा नव्हता. त्यानंतर ह्यांनी शेत भागूला वाट्यानं लावलं आणि आम्ही स्टँडच्या मागं दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बिबट्याला भिऊन वस्ती सोडली असं हे सगळ्यांना सांगत, पण भीती मला वाटायला हवी होती आणि मला ती वाटत नव्हती. मी आणे गावची, पठारावरची. तिथं नजर टाकली की पार आभाळ टेकेपर्यंत जाते, मध्ये अडवायला काही नाही. ह्यांच्या उसात मी जेमतेम रुळले होते तर आता चार भिंती. फ्लॅटमध्ये पहिले काही महिने मी दुपारी उगाच जिना उतरून खाली जायची आणि परत वर यायची. शेजारणी विचारायच्या, काही विसरलं का. मी म्हणायची, हो. मग एक दिवस भागू बाजाराला आला तो सदऱ्याच्या खिशात पिल्लू घेऊनच. “वहिनी, हिच्या आयला बिबट्यानं नेलं बघा कांदं साठवायच्या बराखीतनं. बाकीची पिल्लं गेली. हीच तेवढी वाचली.” डोळेसुद्धा धड उघडले नव्हते तिचे. कापसाची वात दुधात भिजवून मी ती तिच्या तोंडात धरायची आणि ती वातीला अशी लुचायची की माझ्या बोटाला तिची ओढ कळायची.

तेव्हा हे सकाळी डबा घेऊन जात ते दिवे लागताना येत. मधला सगळा दिवस आम्हा दोघींचा. मी वाटाणे सोलायला बसले की एखादा दाणा घरंगळायचा आणि ठकी त्याच्यामागं पलंगाखाली, फ्रिजखाली, कपाटाखाली. मग दुसरा मी मुद्दाम सोडायची. गॅलरीत कुरडया वाळत घातल्या की चिमण्या यायच्या. ठकी डब्याआड दबा धरून बसायची, तिचा जबडा थरथरायचा आणि तोंडातून बारीक कटकट आवाज यायचा. तिच्या हाती चिमणी कधी लागली नाही, पण कुरडया राखायचं काम झालं. भांडी घासताना पायात पायात यायची म्हणून मी दुधात भिजवलेले भाकरीचे तुकडे घरभर ठेवायची, एक खिडकीत, एक शिलाई मशीनच्या पायडलवर, एक ह्यांच्या जुन्या बुटात, ती शोधत फिरायची आणि माझी भांडी होऊन जायची. बोलायची तर सारखीच. आज काय भाजी करू, नळ गळतोय, हर्षालीचा फोन नाही, असलं काहीबाही. ह्याला उपाय म्हणतात हे मला कुठं माहीत होतं. मी आपली कामं उरकत होते. तिच्या पोटावर तेव्हा मऊ पांढरे केस होते आणि ती उन्हात उताणी पडली की मी त्यात बोटं घालून बसायची.

मे महिन्यात ह्यांना शाल आणि नारळ मिळाला आणि दुसऱ्या दिवसापासून हे घरात. पहिल्यांदा स्वयंपाकघराचं दार लागलं, जेवणात केस येतो म्हणून. मग गॅलरीला जाळी लागली, कबुतरं घाण करतात म्हणून. कबुतरं गेली, चिमण्याही गेल्या. कुरडया बंद झाल्या, पॅकिंगमधल्या मिळतात त्या काय वाईट असतात. मांजर पलंगावर नको. मांजर कपाटावर नको. टीव्ही सकाळी लागायचा तो बातम्या पुन्हा पहिल्यापासून येईपर्यंत. कडधान्यांच्या बरण्यांवर ह्यांनी चिठ्ठ्या डकवल्या, मटकीवर मटकी, मुगावर मूग, जणू मी कालच ह्या घरात आले. कार्यालयात ह्यांच्या हाताखाली शिपाई होते, आता मी आणि ठकी. मी सोसायला शिकलेली होते. ठकी नव्हती. ती सोफ्याखाली जाऊन बसली आणि स्वतःला चाटू लागली. मला कळत होतं हे कशामुळं होतंय, पण मी बोलले नाही, कारण बोललं की हे शांतपणे विचारतात, “म्हणजे माझ्यामुळं म्हणायचंय का तुला?” आणि मग त्याच्यापुढं वाक्य न्यायची माझी हिंमत कधीच झालेली नाही.

नारायणगावहून आलो आणि ह्यांनी कंबर कसली. सुताराला बोलावून भिंतीवर फळ्या ठोकून घेतल्या, पायरी पायरीनं वर जाणाऱ्या, सगळ्यात वरच्या फळीवर माझी जुनी पैठणीच्या रंगाची उशी. खिडकीबाहेर पाण्याचं भांडं आणि बाजरी, म्हणजे चिमण्या याव्यात; त्यासाठी जाळीला खिडकीपुरतं भोक पाडलं. अंड्याच्या रिकाम्या ट्रेमध्ये खाऊचे दाणे लपवायचे. खोक्याला गोल भोकं पाडून आत पिसाचा उंदीर. सोमवारची खेळणी वेगळी, गुरुवारची वेगळी, बाकीची आत कपाटात. स्वयंपाकघराचं दार पुन्हा उघडलं, मिलीला वावरायला जागा हवी म्हणून. माझ्या घरातून एकेक करून जे काढून घेतलं होतं ते सगळं परत आलं, फक्त त्यावर आता ह्यांचं नाव होतं. येईल त्याला हे सांगत, “एनरिचमेंट म्हणतात ह्याला. नुसतं खायला घालून भागत नाही. जीव आहे, त्याला रोज नवीन काही लागतं.” वाणी आला, त्याला सांगितलं. गॅस सिलिंडरवाल्याला उभं करून सांगितलं. तो बिचारा मान हलवत होता, खांद्यावर सिलिंडर तसंच. मी चहा ठेवायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहून पदरात तोंड घालून हसले, आणि हसता हसता ते हसणं कधी वाकडं झालं ते मला कळलं नाही.

तरी इथपर्यंत चाललं असतं. एका दुपारी मी आत जरा आडवी झाले होते. हॉलमधून आवाज आला, “कुठं गेलं माझं बाळ? कुठं लपलं? आँ? दिसलं, दिसलं, शेपूट दिसलं.” मला वाटलं कोणी पाहुणा आलाय. खरंच वाटलं. आवाज पुरुषाचा होता, पण असा पुरुष आमच्या ओळखीत नव्हता. मी पदर सारखा करून पडद्याशी गेले. हे फरशीवर पालथे पडले होते. बनियनवर. सोफ्याखाली एक हात घातलेला, त्यात दोरी, आणि गाल फरशीला टेकलेला. ठकीचा पंजा बाहेर येई, दोरीवर पडे, आत जाई. हे हसत होते. ह्यांना हसताना मी पाहिलंय, नाही असं नाही, लग्नकार्यात, साहेबलोकांपुढं. हे हसणं पोटातून येत होतं आणि त्यानं खांदे हलत होते. ह्यांच्या गळ्यात हा आवाज होता तर. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, एका छपराखाली, एका पांघरुणाखालीसुद्धा, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. माझ्याशी हे फळ्यावरची सूचना वाचून दाखवावी तसे बोलतात. हर्षाली लहान असताना तिलाही तसंच, अभ्यास झाला का, दूध प्यालीस का. मी समजूत घातली होती स्वतःची, काही माणसांना नसतं ते, विहिरीला पाणीच लागत नाही एखाद्या, त्यात विहिरीचा काय दोष. आणि आता हे पाणी, फरशीवर, मांजरासाठी. ह्यांना माझी चाहूल लागली तसे हे उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, “उपचाराचाच भाग आहे हा.” तोच जुना आवाज. मी म्हणाले, चहा करू का.

त्यानंतर मी कान देऊन जगू लागले. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, माझा अर्धा जीव हॉलमध्ये. माझं बाळ, माझं सोनं, कोण आहे शहाणं, कोण आहे गुणाचं. लाज सांगायला नको वाटते, पण एकदा मी न्हाणीघराचं दार लावून आरशापुढं उभी राहिले आणि ते शब्द कोणीतरी मला म्हणतंय असं ऐकून पाहिलं. नीट ऐकूच येईना. कानाला सवय नसावी. ठकीच्या पोटावर केस आले. ती फळ्यांवरून उड्या मारू लागली आणि संध्याकाळी खेळायची वेळ झाली की ह्यांच्या पायाशी जाऊन बसू लागली. मी वाटाणे सोलायला घेतले, एक दाणा सोडला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि ह्यांच्या खुर्चीखाली जाऊन बसली. ठकी म्हणून हाक मारली तर कान हलत नसे. वात भिजवून जगवली होती मी तिला. मांजराला कृतज्ञता नसते हे मला कोणी सांगायला नको, मी शेतकऱ्याच्या घरची आहे, जनावराकडून असल्या अपेक्षा आम्ही ठेवत नाही. पण त्या घरात माझ्याकडं वळून बघणारं तेवढं एकच होतं, आणि तेही ह्यांनी नेलं, तेही अशा रीतीनं की कोणाला तक्रार करायची सोय नाही. हर्षालीला व्हिडिओवर पोट दाखवलं. “बाबा, किती पेशन्स आहे तुमच्याकडं,” ती म्हणाली. मी मागं उभी होते, तिनं मला हात केला.

पावसाळा सरल्यावर एकदा कुरिअरवाला आला. ह्यांनी नवीन काही मागवलं होतं, बॅटरीवर फिरणारा मासा. खोकं एका बाजूनं चेपलेलं होतं म्हणून हे दारात त्याच्याशी हुज्जत घालत बसले, फोटो काढ, वरिष्ठांशी बोलून दे. मी स्वयंपाकघरात होते, कढईत फोडणी. हे खोकं घेऊन आत आले, नवा मासा जमिनीवर ठेवला, कळ दाबली, मासा फडफडू लागला आणि हे म्हणाले, कुठं आहे माझं बाळ. बाळ घरात नव्हतं. सोफा सरकवला, कपाटं उघडली, मासा फडफडतच होता. मग हे माझ्याकडं वळले. “तू कचरा ठेवायला गेली होतीस. दार तूच उघडं टाकलंस.” मी म्हणाले, कचरा मी सकाळी ठेवला. “दार तूच उघडं टाकलंस,” हे पुन्हा म्हणाले, आणि लगेच हर्षालीला फोन, “तुझ्या आईनं दार उघडं टाकलं गं, मिली गेली.” मी गॅस बंद केला. फोन बंद झाला तरी ह्यांनी तो कानालाच धरला होता, ते मला दिसलं आणि मला दया आली, खरंच आली, पण दयेच्या खाली जे होतं ते गारच राहिलं.

हे खाली उतरले. आयुष्यात कधी ह्यांनी रस्त्यात कोणाला मोठ्यानं हाक मारलेली नाही. मला तर नावानं हाक घरातसुद्धा नाही. अगं, ऐकलंस का, आणि चारचौघांत हर्षालीची आई. बाजारात हे पुढं आणि मी मागं, पिशवी जड झाली तर मी थांबायची, हे थांबायचे नाहीत, पुढच्या वळणावर दिसेनासे व्हायचे. आता हेच भाऊसाहेब लेंग्यावर, पायात वेगवेगळ्या चपला, स्टँडच्या आवारात वाकून एसटीखाली बघत होते आणि “मिली, मिली, ये गं बाळा” म्हणत होते, त्या आवाजात, सगळ्या ओतूरपुढं. ह्यांच्या शाळेतली पोरं बघून हसत होती. ह्यांना दिसत नव्हतं. “बिबट्या येतो गं रात्रीचा, ये ना,” हे एका बंद टेम्पोला सांगत होते.

मी दुसऱ्या बाजूनं गेले, बाजारपेठेच्या गल्लीत. मला काही अंदाज नव्हता असं नाही म्हणणार. बराखीतल्या मांजरीची लेक ती, पोत्यांचा वास तिला कुठूनही ओढेल. धोंडाबाईच्या पिठाच्या गिरणीत दिवा होता, पट्टा फिरत होता, नाचणीचं दळण पडत होतं, आणि धोंडाबाई डोक्याला फडकं बांधून माझीच वाट बघत असल्यासारखी म्हणाली, “उज्ज्वलाताई, तुमचीच हाय ना ही? मगाधरनं पोत्यामागं बसलीया. एक उंदीर मारला बी तिनं. लई तरबेज हाय.” ठकी पोत्यांच्या थप्पीवर बसली होती. मिशांना पीठ, पाठीला पीठ. डोळे मोठे आणि काळे झालेले. तिच्यासमोर उंदराची शेपटी होती, उरलेला उंदीर नव्हता. इतकी जिवंत मी तिला कधी पाहिलेली नाही, फळ्यांवर नाही, कुरडयांपाशीही नाही. मी “ठकी” म्हणाले आणि तिनं वळून बघितलं. मी तिला उचललं. ती माझ्या दंडावर विसावली, घशात घरघर सुरू झाली, ती माझ्या बरगड्यांत लागली. मी तिला घेऊन दारापर्यंत आले. खरंच घरी न्यायलाच निघाले होते.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ह्यांची हाक आली. “मिली, कुठं आहे माझं सोनं?” ठकीचे कान फिरले. घरघर थांबली. तिनं माझ्या दंडावर मागचे पाय रोवले आणि ती त्या आवाजाकडं ताणली जाऊ लागली, नखं साडीतून कातडीत गेली. तिचा काय दोष, तो आवाज ऐकला तर कोणीही जाईल. मी दोन्ही हातांनी तिला आवळलं, मागं फिरले, गिरणीत आत गेले आणि पट्ट्याच्या घडघडाटात उभी राहिले, हाक ऐकू येईनाशी होईपर्यंत. धोंडाबाई माझ्याकडं बघत होती.

“राहू दे तुमच्याकडं,” मी म्हणाले.

“आन् भाऊसाहेब? ते हुडकत्यात न्हवं का? मगाशी हितनंच गेलं.”

“त्यांना सांगू नका.”

तिनं दळणाची कळ कमी केली. “काय झालं वो ताई? मारत्यात का काय तिला?”

“नाही. लई जीव लावतात,” मी म्हणाले, आणि तिला काय समजलं देव जाणे. ती म्हणाली, “आमी मागंच राहतोय. शटर लावून निजतो, बिबट्याचं भ्या न्हाई. मला बी उंदरांनी लई जेरीला आणलं व्हतं.”

घरी आले तेव्हा हे जिन्यात बसले होते. “दिसली का?” असं विचारलं. मी म्हणाले, “नाही.” साडीला पीठ लागलं होतं, दंडावर ओरखडे होते. ह्यांनी काही पाहिलं नाही. ह्यांची माझ्याकडं न बघण्याची सवय मला इतकी उपयोगी पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग माझं रोजचं जाणं सुरू झालं. पूर्वी मी आठवड्याचं दळण एकदम आणायची. आता रोज छोटा डबा, ओंजळ दोन ओंजळी ज्वारी, कधी बाजरी. धोंडाबाई चिडवते, “भाऊसाहेब चिमणीवानी जेवत्यात जणू.” मी थप्पीशेजारी उलट्या घमेल्यावर बसते. ठकी येते, माझ्या मांडीवरून जाते, कधी बसते, कधी नाही, तिला कामं असतात. बाया बोलत असतात, डोंगराकडून भाताच्या कण्या घेऊन आलेल्या, मळ्यातून आलेल्या, कोणाच्या सुनेचं, कोणाच्या टोमॅटोचं. मला नावानं हाक मारतात. मी हसते. दिवसातला तेवढा वेळ मी कोणीतरी असते, आणि परत जिना चढताना मी ते हसू पुसून टाकते, पीठ पुसावं तसं.

घरात हे वाळत चालले. फळ्या तशाच आहेत, वरच्या फळीवरची उशी तशीच, हे ती रोज झटकतात. पेपर घडी न उघडता पडून असतो. टीव्ही लावत नाहीत. खिडकीबाहेरच्या बाजरीवर चिमण्या येतात आणि हे खुर्ची घेऊन समोर बसतात, हनुवटी गजांना टेकवून, अंधार पडेपर्यंत. हर्षाली म्हणाली, बाबा, दुसरं पिल्लू आणा. हे म्हणाले, “दुसरं नको.” माझी आई आण्याला वारली तेव्हा ह्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि दुपारी परत कामावर गेले होते. मला सगळं दिसतं. ह्या माणसाचं मन रमवायला काय करायला हवं ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार. एक वाक्य बोलायचं आहे, गिरणीत आहे ती, बस. ते वाक्य मी रोज तोंडात धरून झोपते. सकाळी ते तिथंच असतं. बोलले तर ठकी परत येईल, ह्यांचा जीव परत येईल, तो आवाज परत येईल, आणि मी पुन्हा पडद्यामागं. गप्प राहिले तर आम्ही दोघंही सारखे. एवढी सूडबुद्धी माझ्यात कुठून आली मला कळत नाही. कधी कधी वाटतं सूड नाहीच हा, हा माझा पगार आहे, उशिरा मिळालेला.

काल दुपार कलली तसा मी डबा भरला, चप्पल घातली आणि वळले तर हे मागं उभे. इस्त्रीचा सदरा, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. घरात बसल्यापासून ह्यांनी भांग पाडलेला मी पाहिला नव्हता. “गिरणीवर निघालीस?” हे म्हणाले. मी हो म्हणाले. हे जरा घुटमळले. ह्यांना घुटमळताना बघायची मला सवय नाही, मला वाटलं पैसे सापडत नसतील काही, चष्मा सापडत नसेल.

“मी येऊ का?” हे म्हणाले. “घरात फार एकटं वाटतं. तुझ्याबरोबर चालत येतो सावकाश. डबा मी धरतो.” आणि ह्यांनी माझ्या काखेतल्या डब्याला हात लावला. तो आवाज नव्हता तो. पण सूचना वाचायचाही नव्हता. मधलाच कुठला तरी, अजून वापरून न बघितलेला, आणि तो माझ्यासाठी होता. तरुण होते तेव्हा मी नदीकाठच्या बांधावर उभी राहून ह्या वाक्याची वाट पाहिली आहे, फक्त येऊ का एवढंच, पुढं डबा वगैरे काही नको होतं मला. हो म्हणण्यासाठी मी तोंड उघडलं, आणि मला पोत्यांची थप्पी दिसली, तिच्यावरून टुणकन उडी मारून ह्यांच्या पायांशी येणारी ती दिसली, आणि गिरणीतल्या सगळ्या बायांदेखत जमिनीवर बसून तिला उराशी धरणारे हे दिसले, आणि मग माझ्याकडं वळणारं ह्यांचं तोंड.

“नको,” मी म्हणाले. “तिथं पिठाचा धुरळा असतो. तुम्हाला खोकला लागेल.”

“हो, तेही खरंच,” हे म्हणाले. ह्यांनी डबा सोडला, आत जाऊन चपला काढल्या, एकीशेजारी एक नीट लावून ठेवल्या, आणि खुर्चीत जाऊन बसले, शिकवलेल्या पोरासारखे. मी बाहेरून दार ओढून घेतलं. पहिल्या वळणावर जिन्यातच मला रडू फुटलं, असं की कठड्याला धरावं लागलं. पण मी थांबले नाही. गिरणी बंद व्हायच्या आत पोचायचं होतं.